मग मुळात साबणाचं घर होता

दाढीचा फेस करायला मग घ्यावा की बाउल, हे ठरवताना आपण पाहतो ते ब्रश मोकळा फिरेल का, हातात नीट बसेल का आणि फेस गरम राहील का. या भांड्याचा इतिहास मात्र जरा वेगळंच सांगतो. त्याचा आकार फेसावरून फारसा कधी ठरलाच नाही. कधी तो गिऱ्हाइकाच्या मानेवरून ठरला, कधी साबणाच्या वडीवरून.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात न्हाव्याकडे असायची ती पसरट, रुंद काठाची थाळी. पितळेची, कथलाची किंवा रंगीत चिनी मातीची. काठाला अर्धचंद्रासारखी खाच. गिऱ्हाइकाने ती स्वतःच दोन्ही हातांनी हनुवटीखाली धरायची, म्हणजे खाच बरोबर गळ्याला बसे आणि पाणी अंगरख्यावर ओघळत नसे. बऱ्याच थाळ्यांच्या काठावर साबणाची गोळी ठेवायला छोटा खळगा असे, आणि भिंतीला टांगण्यासाठी भोकं. फेस न्हाव्याच्या तळहातानेच व्हायचा. हीच थाळी शीर कापून रक्त काढतानाही वापरायचे, कारण न्हावी तेव्हा शस्त्रवैद्यही होता; लंडनमध्ये हे दोन व्यवसाय कायद्याने वेगळे झाले ते 1745 साली. डच व्यापाऱ्यांनी जपानच्या आरिता भागातून अशा थाळ्या युरोपच्या बाजारासाठी मुद्दाम करवून घेतल्या. निळ्या-तांबड्या नक्षीच्या त्या थाळ्या आज संग्रहालयांत दिसतात, आणि खाचेचं कारण माहीत नसेल तर काठाचा तुकडा उडालाय असंच वाटतं.

अठराव्या शतकात फ्रान्समधून बिज्जू (बॅजर) या प्राण्याच्या केसांचा ब्रश पसरला. तळहाताचं काम ब्रशकडे गेल्यावर पसरट थाळीची गरज कमी झाली. एकोणिसाव्या शतकात कानाचा मग आला तो साबणाच्या गोल वडीसाठी. अमेरिकेत कनेक्टिकटच्या जे. बी. विल्यम्स यांनी 1840 च्या सुमारास दाढीच्या साबणाचा धंदा सुरू केला. त्यांच्या कंपनीच्या ‘मग सोप’ची वडी तळाशी बसवायची आणि ओला ब्रश तिच्यावरच घोळवायचा. वडी झिजत जाई तसा मग आतून खोल होत जाई.

मगाचे खरे वैभवाचे दिवस अमेरिकेतल्या केशकर्तनालयांचे, साधारण 1870 ते 1920. शहरातली माणसं आठवड्यातून दोन-तीनदा दुकानात येऊन दाढी करून घेत. एकाच्या साबणाने दुसऱ्याला दाढीची खाज लागते, अशी भीती होती, म्हणून ज्याचा त्याचा मग. दुकानात भिंतभर लाकडी कप्पे, एकेका कप्प्यात एकेक मग, त्यावर सोनेरी अक्षरांत मालकाचं नाव. पुढे नावाच्या जोडीला व्यवसायाचं चित्र आलं: खाटकाला बैलाचं डोकं आणि सुरे, रेल्वेवाल्याला इंजिन, तारबाबूला तारयंत्र, अंत्यविधीचं काम करणाऱ्याला शववाहिका. कोरे मग फ्रान्सच्या लिमोझहून किंवा जर्मनी-ऑस्ट्रियातून येत. नाव आणि चित्र अमेरिकेत रंगवून पुन्हा भट्टीत घालत. माझ्या मते त्या मगांचं निम्मं काम मिरवण्याचंच होतं. गावातले कोण कोण या दुकानात येतात, हे कप्प्यांवर नजर टाकली की कळायचं. संग्राहक आज दुर्मीळ धंद्याच्या मगाला जास्त पैसे मोजतात. साध्या फुलांच्या मगाला फारसं कुणी विचारत नाही.

याच काळात रुंद चोचीचा मगही निघाला. आत गरम पाणी, वर भोकं पाडलेल्या टोपीवर साबण. चोचीतून ब्रश बुडवायचा, वर येऊन साबणावर फिरवायचा. म्हणजे इथेही फेस भांड्यात नाही, साबणाच्या माथ्यावरच.

पुढे दुकानांतले हे कप्पे रिकामे होत गेले. जिलेटच्या सुरक्षित रेझरचे 1903 साली अवघे 51 नग खपले होते, पुढच्या वर्षी 90 हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी 35 लाख रेझर घेतले आणि दाढी घरच्या मोरीत आली. त्याच युद्धात बिज्जूच्या केसांचा पुरवठा तुटला. घोड्याच्या केसांचे, नीट निर्जंतुक न केलेले ब्रश बाजारात आले आणि त्यांतून सैनिकांना व नागरिकांना अँथ्रॅक्स झाला. पुढे 1919 साली बार्बासॉल हे बिनब्रशचं क्रीम आलं, विसावं शतक अर्धं सरताना फेसाचे डबे आले, आणि मग पेन-पेन्सिली ठेवायला उरला.

आपल्याकडे मुळात पाण्यावरची दाढी. संत सेना न्हावींच्या अभंगात आरसा आहे, चिमटा आहे, डोई घोळायला पाणी आहे, फेस नाही. ब्रश आल्यावर न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी एक वाटी आली, एवढंच.

गेल्या काही वर्षांत ब्रश-साबणाकडे परतलेल्यांनी पसंत केला तो रुंद, उथळ बाउल, आणि ते बरोबरच आहे. मऊ साबण किंवा ट्यूबमधलं क्रीम भांड्यातच पाण्याशी घोटावं लागतं, तेव्हा ब्रशच्या केसांना पसरायला जागा हवी. तळाला खडबडीत वळ्या असतील तर हवा लवकर मिसळते. जुन्या घाटाच्या अरुंद मगात हेच करायला गेलं की बोटांची पेरं काठावर आपटतात. तुम्ही कडक वडीच वापरत असाल तर मात्र मगासारखी सोय नाही. वडीपेक्षा जेमतेम मोठा बघून घ्या, म्हणजे ती आत गरगर फिरणार नाही. स्टीलची वाटी स्वस्त आणि न फुटणारी, पण लगेच गार होते. चिनी माती किंवा दगडी मातीचं जाड भांडं आधी गरम पाण्याने भरून ठेवलं तर दाढीवरून वस्तरा दुसऱ्यांदा फिरवेपर्यंत ऊब टिकते. आणि बोअरचं जड पाणी असेल तर कुठल्याही भांड्यात फेस विरून जातोच. तिथे बाउल बदलण्याआधी पाणी बदलून पाहावं.