कोळंबीतलं प्रतिरोधक जनुक: नुसतं सापडून भागत नाही

कोळंबी वाटून तिच्यातला सगळा डीएनए एकदम वाचला, तर ओएक्सए-४८ घराण्यातलं जनुक हाती लागू शकतं. ते कार्बापेनेम निकामी करतं, म्हणजे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेली प्रतिजैविकं. पण समुद्रातल्या शेवॅनेला जीवाणूंत ही जनुकं जात्याच असतात. तेच जनुक क्लेब्सिएला या माणसाला आजारी पाडणाऱ्या जीवाणूत, प्लाझ्मिडवर (म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या सुट्या वेटोळ्यावर) सापडलं तर मात्र काळजीचं. म्हणून जीवाणू आधी वेगळा करावा, मग त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचावा.

२५ ग्रॅम कोळंबी २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटर या जीवाणू वाढवायच्या द्रवात घुसळून ३७ अंश सेल्सिअसला १८ ते २४ तास ठेवतात. मग लिटरला १ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक घातलेल्या मॅकॉन्की आगर या घट्ट माध्यमावर त्या द्रवाच्या रेघा ओढायच्या. साधा ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू इथे वाढत नाही. औषधाला दाद न देणारा तगतो. (व्हिब्रिओ हा समुद्री जीवाणू हवा असेल तर माध्यमात २-३ टक्के मीठ लागतं.)

एकच कॉलनी, म्हणजे माध्यमावर उगवलेला जीवाणूंचा एक ठिपका, उचलून पुन्हा रेघायची. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं की घोळ होतो. ई. कोलायचा जीनोम डीएनएच्या सुमारे ५० लाख अक्षरांचा; वाचलेल्या तुकड्यांची जुळणी ९० लाखांवर गेली तर नमुन्यात दोन जीवाणू आहेत असं समजावं. प्रत्येक अक्षर सरासरी निदान ३० वेळा वाचलं जावं, ५० वेळा असेल तर उत्तम.

जनुक ओळखणं सोपं. रेसफाइंडरसारखी संगणकीय साधनं ते मिनिटांत करतात. ते बसलंय कुठे, हे अवघड. सीटीएक्स-एम-१५ सारख्या प्रतिरोधक जनुकांच्या आजूबाजूला एकसारखे क्रम वारंवार येतात आणि दीडशे अक्षरांच्या तुकड्यांची जुळणी नेमकी तिथेच तुटते. गुणसूत्र की प्लाझ्मिड हे ठरवायला नॅनोपोरसारखं हजारो अक्षरांचं सलग वाचन लागतं. शिवाय जनुक असूनही ते निष्क्रिय असू शकतं, तेव्हा औषधाच्या वाढत्या मात्रांत जीवाणू प्रत्यक्ष वाढवून पाहणं सुटत नाही.

पुण्यात आणखी एक गुंता आहे. गणेश पेठेतली समुद्री मासळी किनाऱ्यावरून बर्फात येते. वाटेत पाणी, टोपल्या, सुऱ्या, हात लागतात. कोळंबीत एसटी-१३१ हा माणसाच्या मूत्रमार्गसंसर्गात जगभर आढळणारा ई. कोलायचा वंश निघाला, तर संशय सांडपाण्यावर किंवा हाताळणीवर जातो. कोळंबीतल्या आणि बर्फातल्या जीवाणूंच्या जीनोममध्ये जेमतेम दहा अक्षरांचा फरक असेल, तर दोघांचा उगम बहुधा एकच. मात्र बर्फाचा नमुना त्याच दिवशी, त्याच टोपलीतून घेतलेला हवा.