रुपया पडला की पाडला?

नागपूरच्या घाट रोडवरच्या दुकानात परवा गाडीचं व्हील बेअरिंग घ्यायला गेलो. डब्यावर जुन्या किमतीच्या चिठ्ठीवरच नवी चिठ्ठी डकवलेली. इतकं महाग कसं, असं विचारलं तर दुकानदार म्हणाले, "सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं नं भाऊ! बाहेरून येते हे." माल बाहेरून येतो म्हणून भाव चढला, हे त्यांचं खरं. पण 'अवमूल्यन' हा शब्द चुकला, आणि त्या चुकीपायी दोष भलत्याच्याच माथी बसतो.

अवमूल्यन म्हणजे रुपया पाडणं. त्यासाठी दर आधी सरकारी पातळीवर बांधलेला असावा लागतो. ६ जून १९६६ रोजी ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला, तो एका निर्णयाने. १ आणि ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत रुपया सुमारे १८ टक्क्यांनी खाली आणला, तोही ठरवून. तिथे जाब कुणाला विचारायचा, हे स्पष्ट असतं.

मार्च १९९३ पासून दर बाजारात ठरतो. त्यानंतरची ती घसरण, रुपया पडतो. रिझर्व्ह बँक अधूनमधून हात घालते, पण २०२२ मध्ये डॉलर ७४ रुपयांवरून ८३ च्या घरात गेला तेव्हा ती स्वतःजवळचे डॉलर विकून रुपयाला आधार देत होती. पाडणारा असं कशाला करेल?

त्याच वर्षाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. येन रुपयापेक्षाही जोरात पडला. वर्षाच्या सुरुवातीला १०० येनला सुमारे ६५ रुपये पडत होते, ऑक्टोबरात ५५-५६. म्हणजे डॉलरमध्ये घेतलेला माल महागला, येनमध्ये घेतलेला स्वस्त झाला. नुसतं 'रुपया पडला' म्हणून भागत नाही, कोणासमोर पडला ते विचारायला हवं.

पाडणं आणि पडणं या दोन्हींच्या मधली एक जागा आहे, आणि मोटारींचं खरं भांडण तिथेच होतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फोर्ड कंपनीची तक्रार होती की जपान येन मुद्दाम पाडतो. जपानने दर बांधून खाली आणला नव्हता. त्यांच्या मध्यवर्ती बँकेने महागाई २ टक्क्यांवर नेण्यासाठी प्रचंड रोखेखरेदी सुरू केली होती, म्हणजे नवा पैसा बाजारात ओतला, आणि त्याने येनही उतरला. पण अमेरिकेत गाडी विकणाऱ्या जपानी कंपनीला डॉलरमागे ८० च्या जागी १०० येन मिळू लागले. समोरच्याला ते पाडणंच वाटणार. मी याला अवमूल्यन म्हणणार नाही, पण आपोआप झालेली घसरणही नव्हे.

याच्या उलटही घडलं आहे. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारात पाच देशांनी मिळून डॉलर उतरवायचं ठरवलं. २४० येनचा डॉलर दोनेक वर्षांत दीडशेच्या आसपास आला. तरी जपानी गाड्या हटल्या नाहीत. टोयोटाने १९८८ मध्ये केंटकीतच गाड्या बनवायला सुरुवात केली.

दुकानदारांनी निघताना विचारलं, "मंग रुपया पडला तं आपल्या कंपन्यांचं भलंच ना?" हिंगण्याच्या एमआयडीसीत बनणारा ट्रॅक्टर परदेशात विकायला सोपा जातो, हे खरं. पण इथल्या गाड्यांतल्या चिपा आणि बॅटरीचे सेल बहुतेक बाहेरूनच येतात, त्यांचं बिलही फुगतं. परदेशी गाडीला अडवणारी भिंत आयात शुल्काची आहे, आणि ते मात्र दिल्लीत ठरतं.