ऑइल बोटांत चोळून काय कळतं?

गॅरेजमध्ये हे सगळ्यांनी पाहिलंय. मेकॅनिक इंजिनातली डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढतो, ऑइल दोन बोटांत चोळतो आणि म्हणतो, "साहेब, पार पाणी झालंय, काळं पण पडलंय, बदलूनच टाकू, आणि या वेळी जरा जाडवालं टाकतो." बदलायची वेळ झालीही असेल, पण ते बोटांवरून कळत नाही, आणि जाडवालं तर नकोच.

गरम ऑइल पातळच असतं हो, नवंकोरं असलं तरी. डब्यावर ५डब्ल्यू-३० असा ग्रेड लिहिलेला असतो, त्यातला ३० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (चिकटपणा मोजायचं एकक), आणि साधं पाणी २० अंशाला १. म्हणजे पाण्याच्या जेमतेम दहापट जाड, आणि इंजिन बनवणाऱ्याने हिशोब तेवढाच धरलेला असतो.

आता माझा आवडता भाग. आपल्याला वाटतं ऑइलमुळे धातूवर धातू गुळगुळीत घसरतो, पण चालू इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बेअरिंगला, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या कड्याला, जवळजवळ टेकतच नाही! १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून ऑइल सोडायला त्याने बेअरिंगला भोक पाडलं तर उलट ऑइलच त्यातून वर यायला लागलं, बूच मारलं तर तेही बाहेर ढकललं गेलं, शेवटी प्रेशर गेज लावला तर काटा २०० पीएसआयच्या पुढे (गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० असतो). हे का होतं ते १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने गणिताने सांगितलं (इंजिनिअरिंगवाल्यांना 'रेनॉल्ड्स नंबर' छळतो, तो याच्याच नावाचा). शाफ्ट बेअरिंगपेक्षा किंचित बारीक असतो आणि वजनामुळे एका बाजूला सरकतो, त्यामुळे मधली फट पाचरीसारखी निमुळती होते, फिरणारा शाफ्ट त्याला चिकटलेलं ऑइल त्या निमुळत्या भागात ओढत नेतो, तिथे जागा पुरत नाही, दाब वाढतो आणि शाफ्ट उचलला जातो. पावसात एक्सप्रेसवेवर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो ना, तेच. हा दाब ऑइल पंपाचा नाही, पंप फक्त ऑइल पोचवतो. थर सगळ्यात बारीक जागी एखाद-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपला केस ७० च्या आसपास.

थर किती जाड होईल ते चिकटपणा गुणिले वेग भागिले भार यावर ठरतं. स्टार्टर मारताना वेग जवळपास शून्य, म्हणजे थरही नाही, म्हणून झीज तेव्हा जास्त. जाडवालं ऑइल गार इंजिनात वरपर्यंत उशिरा पोचतं, आणि नंतर तेच ढवळण्यात पेट्रोल जातं. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर २०डब्ल्यू-५० टाकून इंजिनाचे लाड होत नाहीत.

काळेपणाचं म्हणाल तर काजळीचे कण सुटे धरून ठेवणारी रसायनं ऑइलमध्ये मुद्दाम घातलेली असतात, म्हणजे काळं ऑइल बऱ्याचदा काम करतंय म्हणून काळं. डिझेल गाडीत तर थोड्याच दिवसांत होतं.

मग बदलायचं कशाला? ऑइल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू, असतात, ते चिरडून तुटतात. जळणातून होणारं ॲसिड मारायला असलेला अल्कलीचा साठा संपत जातो. आणि ऑफिस दोन किलोमीटरवर असेल तर इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्येच राहतो, म्हणून किलोमीटर कमी भरले तरी मॅन्युअलमध्ये महिन्यांचीही मर्यादा असते. यातलं काहीच बोटाला कळत नाही. काउंटरवर मिळणारी 'नॅनो' बाटली, मायलेज वाढवणारी वगैरे, ती मी तरी घेणार नाही, चांगल्या ऑइलमध्ये हवं ते आधीच मोजून घातलेलं असतं.

बदलताना इंजिन थोडं कोमट असू द्या, फिल्टरही बदला, आणि डिपस्टिकवरच्या मॅक्स खुणेच्या वर भरू नका. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसात हवा असते, ती दाबली जाते, मग पाचरीत दाब तयारच होत नाही.