मालवणात गरवायला कधी यावं? पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

बुकिंगसाठी फोन करणारे बहुतेक जण आधी तारीख सांगतात आणि मग मासा विचारतात. नाताळच्या सुट्टीत येतोय, सुरमई लागेल ना? मे महिन्यात मुलांना घेऊन येतोय, गोबरा मिळेल ना? आमची विनंती आहे की हा क्रम उलटा करा. कुठला मासा आणि कुठल्या पद्धतीने गरवायचाय, म्हणजे गळाने पकडायचाय, ते आधी सांगा, तारीख आपण मिळून काढू. मालवण, देवबाग, निवती एवढ्याच पट्ट्यातलं पाणी सप्टेंबरात एक असतं, जानेवारीत दुसरं आणि मेमध्ये तिसरंच. रॉड तोच, होडी तीच, तांडेलही (होडीचा प्रमुख) तोच, तरी एका महिन्यात हात दुखेपर्यंत मासा देणारी जागा दुसऱ्या महिन्यात कोरडी जाते. असं का होतं ते कळलं तर तुमचा दिवस आणि पैसे दोन्ही कारणी लागतील, म्हणून हे पत्रक.

पावसाळ्यात समुद्र काय करतो

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. प्रवासी होड्या त्याआधीच, २६ मेपासून बंद होतात आणि ३१ ऑगस्टनंतर सुरू होतात. या दिवसांत आम्ही समुद्रात होडी घालत नाही. कितीही आग्रह झाला, वरून दिवस कितीही शांत दिसला, तरी नाही.

पण पुढचे तीन महिने मासा कुठे असणार हे याच काळात ठरतं. नैऋत्येचे वारे सुरू झाले की किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि खोल समुद्रातलं गार पाणी तळातून सरकत किनाऱ्याकडे चढतं. या पाण्यात खतासारखी पोषकद्रव्यं भरपूर असतात, प्राणवायू मात्र फार कमी. त्याच वेळी कर्ली, गड या नद्या आणि वरून पडणारा पाऊस समुद्राच्या पृष्ठभागावर गोड्या पाण्याचा पातळ थर पसरतात. हा थर झाकणासारखा बसतो. वरची हवा खाली मिसळत नाही. वरच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती जोमाने वाढतात, मरून खाली जातात, तिथे कुजतात आणि तळाशी उरलासुरला प्राणवायूही संपवतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात कांदोळीसमोर १९९०च्या दशकापासून हे मोजलेलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे तळाजवळच्या पाण्यात प्राणवायू जवळपास उरतच नाही. आपला किनारा तिथून फार लांब नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर: वर गर्दी, खाली शुकशुकाट

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला, बंदी उठली, तरी लगेच तळाचं जिगिंग (जड गळ तळाशी सोडून झटके देत वर ओढणं) करायला येऊ नका. या दिवसांत तळाला सोडलेलं शिशाचं वजन वर घेऊन हातात धरून पाहा, वरच्या कोमट पाण्यातून येऊनसुद्धा गार लागतं. ते गार लागलं की तांडेल दोरी गुंडाळून घेतो. त्या पाण्यात तांबोशी, गोबरा हे तळाचे मासे थांबत नाहीत. प्राणवायू असेल तिथे, म्हणजे उथळ पाण्याकडे नाहीतर वरच्या थराकडे ते सरकलेले असतात.

उलट याच कारणाने वरचं पाणी भरून जातं. पोषकद्रव्यांवर सूक्ष्म जीव वाढलेले असतात, त्यांच्यामागे पेडवे आणि बांगड्यांचे थवे येतात आणि त्यांच्यामागे सुरमई, कोकर आणि कुपा हे शिकारी मासे. सगळी खाणावळ वरच्या थोड्या पाण्यात दाटलेली असते. ऑक्टोबरात वारा पडतो, दुपारी पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं आणि दूरवर पाण्याचा एखादा चौकोन अचानक उकळल्यासारखा दिसतो. वर कुररी पक्षी सूर मारत असतात. होडी थेट त्या थव्यात घालायची नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला इंजिन मंद करून थांबायचं आणि ल्युअर (खोटं आमिष) थव्याच्या कडेवरून ओढायचा. मधोमध टाकला तर थवा खाली बसतो आणि पुढचा अर्धा तास वाया जातो.

आणखी एक जागा शोधावी लागते. कर्लीच्या मुखापासून बाहेर येणारं लालसर पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी जिथे भेटतं तिथे स्पष्ट रेघ दिसते. त्या रेघेवर फेस, पालापाचोळा, कधी वाहून आलेले नारळ जमतात. ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढणं, करायचं ते या रेघेला समांतर, हिरव्या पाण्याच्या बाजूने. सुरमई डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे, गढूळ पाण्यात ती शिरत नाही, पण काठावर दबा धरून असते. आम्हाला विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबरची सुरुवात हा सुरमईसाठी अख्ख्या वर्षातला सगळ्यात चांगला काळ. तेव्हा मालवणात पर्यटकांची गर्दी कमी असते, ऊन मात्र कडक.

नोव्हेंबरअखेर ते जानेवारी: तळ पुन्हा जिवंत होतो

वारे फिरले की किनाऱ्याचा प्रवाहही फिरतो आणि केरळच्या बाजूने उत्तरेकडे वाहू लागतो. वर चढलेलं गार पाणी मागे सरतं, वरचं प्राणवायू असलेलं पाणी तळापर्यंत उतरतं. मग खडपांवर (पाण्याखालच्या खडकांवर) तांबोशी, गोबरा परततात आणि तळाला गळ सोडण्यात अर्थ येतो. पाणीही निवळतं.

अडचण वाऱ्याची असते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तोवर समुद्र सपाट. अकराच्या पुढे वायव्येचा वारा उठतो आणि परतताना लाटा अंगावर येतात. म्हणून थंडीत आमची होडी पहाटे साडेपाचला निघते आणि अकरापर्यंत धक्क्याला लागते. ‘थोडं उशिरा निघू का’ असं विचारू नका, मुलांसाठी तर मुळीच नाही. शिवाय अरबस्तानाकडे शमाल नावाचे जोराचे वारे सुटले की त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर ओलांडून दोन-चार दिवस आपल्याकडे येत राहतात. इथे वारा नसतो, आकाश निळं असतं, तरी निवतीच्या खडकांजवळ होडी नेता येत नाही. नाताळच्या आठवड्यात असं झालं की पाहुण्यांना पटत नाही. म्हणून त्या आठवड्यासाठी एक दिवस राखीव ठेवून या.

फेब्रुवारी ते मे

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी स्वच्छ, वारा आटोक्यात आणि तळाचा मासा जागेवर. पहिल्यांदाच येत असाल, घरचे सोबत असतील, तर याच दिवसांत या. सुरमई ऑक्टोबरइतकी नसते, पण दिवस फुकट जाण्याची शक्यता सगळ्यात कमी.

एप्रिलपासून वरचं पाणी तापतं, तीस अंशांच्या आसपास जातं. मोठा मासा दिवसा खोलात उतरतो, त्यामुळे पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळचा एक एवढेच कामाचे. याच काळात कधीकधी दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा इथवर पोचतात. इथे वाऱ्याची झुळूक नसते आणि तरी किनाऱ्यावर पाणी अचानक चढतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याची आधी सूचना देते आणि ती आम्ही रोज पाहतो. त्या दिवशी खडकावर उभं राहून कास्टिंग (गळ लांब फेकणं) करू देत नाही.

भरती, ओहोटी आणि तिथी

मालवणात उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी साधारण दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. मुंबईत हेच चार मीटरच्या वर जातं, त्यामुळे तिकडचा अंदाज इकडे लावू नका. खाडीच्या तोंडाशी गरवायचं असेल तर उधाण हवं. ओहोटी लागल्यापासूनचे पहिले दोन तास खाडीतली कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर वाहून येते आणि चोणक (जिताडा), तांबोशी तोंडाशी वाट पाहत असतात. सुरमईसाठी मात्र भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, आम्हाला जास्त आवडतात, कारण पाणी कमी ढवळतं. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट करा, चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. अचूक वेळ तक्त्यात पाहावी, पण सुट्टी आखायला एवढं पुरतं.

काय ठेवायचं, काय सोडायचं

मोठी चोणक ही मादी असते. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो. पावसाळ्यात त्या अंडी घालायला मुखाकडे येतात. त्यामुळे काठावरून गरवलेली मोठी चोणक आमच्याकडे फोटो काढून परत सोडली जाते. गोबऱ्याचं उलट असतं, तो मादीचा नर होतो, म्हणून त्यातलेही मोठे आम्ही सोडायला सांगतो. २०२३मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. मोजपट्टी होडीवर असते आणि मोजायचं काम तांडेलचं.

महाकाय गोबरा, देवमुशी (व्हेल शार्क), करवतमासा, समुद्रघोडा आणि कासव यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. चुकून लागलंच तर पाण्यातच गळ सोडवायचा, होडीत घ्यायचं नाही. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या गाभ्यात येतो. तिथे आम्ही गळ टाकू देत नाही. आंग्रिया बँकेबद्दल (समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार) बरेच जण विचारतात. ती विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर आहे, आमच्या होडीची ती फेरी नव्हे.

फेरी रद्द झाली तर

बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला किंवा हवामान खात्याचा इशारा आला की फेरी रद्द आणि पूर्ण पैसे परत. पाऊस संपला म्हणजे वादळ संपलं असं नसतं. फयान ११ नोव्हेंबर २००९ला आलं, तौक्ते मे २०२१मध्ये, म्हणजे दोन्ही ऐन मासेमारीच्या दिवसांत. निघाल्यावर वाटेत तांडेलने होडी वळवली तर त्याचा शब्द शेवटचा. तासाभरापेक्षा कमी गरवणं झालं असेल तर त्याच हंगामात दुसरा दिवस विनामूल्य देतो.

फोन करताना एवढं सांगा: कुठला मासा, होडीतून की काठावरून, किती जण, त्यात मुलं किती, आणि होडी लागण्याचा त्रास कोणाला आहे का. मग त्या महिन्यातल्या दोन-तीन तिथी आम्ही कळवू.