झोपलेल्या कॉम्प्युटरला हाक कशी ऐकू जाते?

बेळगावात उद्यमबागेतला कारखाना असो की शहापूरची पतसंस्था, संध्याकाळी कुलूप लावताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मेन कॉम्प्युटर बंद करू नका ओ, रात्री घरातनं बघायचं असतंय." मग मॉनिटर तेवढा बंद होतो आणि खालचा डबा रात्रभर घरघरत बसतो. रिकामा बसलेला डेस्कटॉप 50 वॅट खातो असं धरा; 14 तासांत 0.7 युनिट. असे दहा असले तर रोज रात्री सात युनिटं फुकट.

नेटवर्कवर राहायचं तर जागं राहावंच लागतं, हा गैरसमज आहे. स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे थांबतात. पॉवर सप्लायमधली 5 व्होल्टची वेगळी स्टँडबाय लाइन रॅम, नेटवर्क कार्ड अशा मोजक्याच गोष्टी जिवंत ठेवते. खर्च दोन-चार वॅट. कॉम्प्युटर झोपला तरी लॅनच्या (म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कच्या) खाचेजवळचा बारका दिवा लुकलुकतो तो त्यामुळेच.

खरी गंमत पुढे आहे. लॅनवर सतत गलका चालू असतो. प्रत्येक पॅकेटला (डेटाच्या पुडक्याला) दचकून उठायचं ठरवलं तर झोप लागणारच नाही. यावर 1990च्या दशकात एएमडी आणि एचपी यांनी 'मॅजिक पॅकेट' काढलं. त्यात आधी सहा बाइट, सगळे बिट 1. मग ज्याला उठवायचं त्या कार्डाचा 48 बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, लागोपाठ 16 वेळा. एकूण 102 बाइट. स्टँडवरचा कंडक्टर "खानापूर, खानापूर, खानापूर" असा धोशा लावतो आणि बाकड्यावर पेंगणारा खानापूरकरच तेवढा उठतो, तसंच. कार्डाला पॅकेटचा अर्थ लावावा लागत नाही. ठरलेला नमुना जुळला की मदरबोर्डला इशारा. एवढ्या कामाला अगदी साधं सर्किट पुरतं.

तरी एक पेच उरतो. नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी पत्ता हा आणखी एक क्रमांक असतो. "हा आयपी पत्ता कुणाचा?" असं राउटर विचारतो, याला एआरपी म्हणतात. झोपलेला कॉम्प्युटर उत्तर देत नाही, काही वेळाने राउटरच्या यादीतली त्याची नोंद गळते आणि त्याच्या नावाचं पॅकेट पोचवायचं कुठे हेच कळेनासं होतं. म्हणून मॅजिक पॅकेट बहुधा ब्रॉडकास्ट करतात, म्हणजे लॅनवरच्या सगळ्यांकडे. नव्या कार्डांनी याहून पुढची मजल मारली आहे: एआरपीची उत्तरं कार्डच परस्पर देऊन टाकतं, प्रोसेसरला पत्ताही नसतो. या 'प्रॉक्सी' पद्धतीसाठी एक्मा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एक्मा-393 हे मानक 2010 मध्ये आलं.

सॉकेटला लावायचे 'वीज वाचवणारे' डबे मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. आत बहुतेकदा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती मीटर मोजतो ती युनिटं त्याने कमी होत नाहीत. मॅजिक पॅकेटला मात्र पैसा लागत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) 'वेक ऑन लॅन' ही हाकेने उठण्याची सोय चालू करायची आणि विंडोजमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये तीच परवानगी द्यायची. घरातून हाक मारायची तर ऑफिसच्या लॅनवरचं काहीतरी जागं हवं. बरेच राउटर स्वतःच हे पॅकेट पाठवू शकतात.

पावसाळ्यात खानापूरकडे वीज जाते-येते, तिथे आणखी एक काळजी घ्या. वीज गेली की स्टँडबाय लाइनही मरते, आणि काही मदरबोर्डांचं कार्ड त्यानंतर कॉम्प्युटर एकदा सुरू होईपर्यंत हाक ऐकतच नाही. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर सुरू हो' अशी सोय असते ती लावा, म्हणजे तो आपोआप उठेल आणि थोड्या वेळाने पुन्हा स्लीपमध्ये जाईल.