मोसंबीची फळगळ आणि बागेचा अंदाज (मराठवाडा)

मोसंबीला येणाऱ्या फुलांपैकी तोडणीपर्यंत टिकणारी फळे शेकडा पाचांहूनही कमी असतात. बाकीची फुले व कोवळी फळे टप्प्याटप्प्याने गळतात. जालना, अंबड, घनसावंगी, बदनापूर, पैठण या पट्ट्यात बागेचा सौदा बरेचदा माल झाडावर असतानाच ठरतो. म्हणून गळ ओळखता येणे हा इथल्या बागायतदाराच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे.

मोसंबीला आंबिया (जानेवारी-फेब्रुवारी), मृग (जून-जुलै) आणि हस्त (सप्टेंबर-ऑक्टोबर) असे तीन बहार, म्हणजे फुले येण्याचे हंगाम, येऊ शकतात. पाणी तोडून ताण देतात आणि एकच बहार धरतात. हलक्या रानात ताण महिनाभरात बसतो; भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात. आंबियाची फळे ऐन उन्हाळ्यात पोसायची असतात, त्यामुळे विहिरीला पाणी असेल त्यानेच तो धरावा. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात टँकरने पाणी घालूनही अनेक बागा वाळल्या.

आंबियाची पहिली गळ फळ धरताना होते आणि ती स्वाभाविक असते. झाड पोसू शकेल तेवढीच फळे ठेवते. दुसरी एप्रिल-मेमध्ये, फळ गोटी ते लिंबाएवढे असताना. उन्हाचा चटका आणि पाण्याची ओढ यांनी देठाशी तुटीचा थर तयार होतो आणि फळ तिथून सुटते. तिसरी ऑगस्टपासून तोडणीपर्यंत चालते, आणि सर्वांत महाग हीच, कारण पोसलेले फळ जाते. काळ्या रानात पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, झाडात इथिलीन (फळ पिकवणारा व गळवणारा वायू) वाढते व देठ सुटतो. बुरशी, फळमाशी आणि रात्री फळाला भोक पाडणारा रसशोषक पतंग यांचीही भर पडते. काकाओच्या (ज्याच्या बियांपासून चॉकलेट बनते त्या कोकोच्या) झाडावर कोवळी फळे सुकतात, पण गळून न पडता खोडालाच काळी होऊन राहतात; तिथे नुकसान झाडावरच मोजता येते. मोसंबीत जमिनीवर गळलेल्या फळांचा सडा मोजावा लागतो.

गळीवर 100 लिटर पाण्यात दीड ग्रॅम जिब्रेलिक आम्ल (वाढीचे संजीवक) व एक किलो युरिया अशी फवारणी शिफारशीत आहे. मात्र चर काढून पाणी बाहेर न काढलेल्या बागेत नुसत्या फवारणीने फारसे साधत नाही.

अंदाजाची रीत सोपी आहे: झाडांची संख्या, झाडावरची सरासरी फळे आणि तोडणीच्या वेळचे फळाचे वजन यांचा गुणाकार करून अपेक्षित गळ वजा करायची. सहा मीटर अंतरावर हेक्टरी 277 झाडे बसतात. झाडामागे 500 फळे आणि 180 ग्रॅम वजन धरले तर सुमारे 25 टन. पंधरा टक्के गळ काढली की 21 टन. चूक होते ती झाडे निवडताना. बांधाकडेची, रस्त्यालगतची झाडे मोजली की आकडा फसतो. ओळीओळीतून, सशक्त व रोगट दोन्ही झाडे घ्यावी लागतात. दुसऱ्या गळीआधी केलेली मोजणी सौद्याला आधार धरू नये. जूनअखेर खूण केलेल्या झाडांवरची फळे एकदा मोजावी आणि ऑगस्टपासून त्याच झाडांखालची गळ दर आठवड्याला वहीत टिपावी. व्यापारी नजरेने बाग पाहून भाव बोलतो, तेव्हा बागायतदाराच्या हाती ही वही असली पाहिजे.