नाक मोकळे करणारा स्प्रे

सर्दीने चोंदलेले नाक काही मिनिटांत उघडणारे, थेट नाकपुडीत मारायचे औषध. झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही यातील दोन मुख्य द्रव्ये. भारतात ओट्रिव्हिन आणि नॅसिव्हिऑन या नावांनी ती घरोघरी ठाऊक आहेत. स्प्रे आणि थेंब अशा दोन्ही रूपांत ती मिळतात. औषधाच्या दुकानात सहज मिळतात म्हणून लोक त्यांना बामच्या डबीच्या रांगेत बसवतात. तिथेच चूक होते.

नाक बंद होते ते शेंबडाने, असे आपण धरून चालतो. पण शिंकरून शिंकरून नाकाचा शेंडा लाल झाला तरी नाक उघडत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर आत मांसल वळकट्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्या आत पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचे जाळे असते. सर्दीत किंवा ॲलर्जीत या वाहिन्या रक्ताने भरतात, वळकट्या स्पंजासारख्या फुगतात आणि हवेची वाट अडते. निरोगी माणसातही काही तासांच्या अंतराने एक बाजू थोडी फुगते, दुसरी उघडते. कुशीवर झोपले की खालची नाकपुडी बंद होते तीही याच कारणाने. स्प्रेतील औषध या रक्तवाहिन्या आकसायला लावते. असर दहा-बारा तासांपर्यंत टिकतो. सर्दीच्या विषाणूला किंवा ॲलर्जीला ते हातही लावत नाही.

मेंथॉलचा बाम निराळा. नाकातील थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना तो जागे करतो, त्यामुळे हवा जास्त येते असे वाटते. सूज मात्र होती तेवढीच राहते. सर्दीच्या गोळ्यांतील फेनिलएफ्रिनबद्दलही 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितले, की तोंडाने घेतल्यास चोंदलेल्या नाकावर ते उपयोगी पडत नाही. या सगळ्यांच्या तुलनेत स्प्रे खरोखर काम करतो, आणि झटपट करतो. त्याचा धोकाही त्यातूनच येतो.

सलग काही दिवस वापरल्यावर असर लवकर ओसरू लागतो आणि ओसरताना नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते. मग रात्री दोन वाजता उशाखाली हात जातो. आधी बारा तासांनी लागणारा स्प्रे सहा तासांनी, मग चार तासांनी लागतो. सर्दी केव्हाच गेलेली असते, नाक आता औषधानेच चोंदलेले असते. याला औषधजन्य नासाशोथ म्हणतात. ‘माझे नाकाचे हाड वाढलेय’ असे सांगत कान-नाक-घसातज्ज्ञाकडे आलेल्यांच्या खिशातूनही कधी कधी ही बाटली निघते. डॉक्टरांनी न विचारता ती सांगितली जात नाही, कारण लोकांच्या हिशेबी ते ‘औषध’च नव्हे.

म्हणून मर्यादा दिवसांची आहे: सलग तीन दिवस, फार तर पाच. दिवसातून दोनदा, झायलोमेटाझोलिन असल्यास जास्तीत जास्त तीनदा. बाटली उघडली की पेनाने तिच्यावर तारीख लिहावी. आठवणीवर विसंबणाऱ्यांचे तीन दिवस हटकून दहा होतात. सवय लागलीच असेल तर औषध बंद करणे हाच उपाय. पहिले काही दिवस हाल होतात, बहुतेकांचे नाक आठवड्या-दोन आठवड्यांत ताळ्यावर येते. काही डॉक्टर आधी एकाच नाकपुडीतले बंद करायला सांगतात, म्हणजे दुसरीने रात्र निभते. जोडीला स्टेरॉइडचा स्प्रे देतात.

मारण्याची पद्धतही बहुतेकांची चुकते. मान मागे टाकायची ती थेंबांसाठी. स्प्रे मारताना डोके सरळ किंवा किंचित पुढे झुकलेले हवे. आधी नाक हलकेच शिंकरून घ्यावे. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात धरावी, डावीसाठी उजव्या. असे केले की टोक आपोआप डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. मधल्या पडद्यावर फवारा सतत बसला तर तो कोरडा पडतो, रक्त येते. दाबताना श्वास हळू ओढावा. जोरात ओढल्यास औषध घशात उतरते. कडू चव आली की नेम चुकला समजावे. टोक पुसून झाकण लावावे. घरभर एकच बाटली फिरवू नये, सर्दीही तिच्याबरोबर फिरते.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडचा अतिस्राव, काचबिंदू किंवा प्रोस्टेटची वाढ असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा. नैराश्यावरील एमएओ-रोधक गोळ्या चालू असतील तर टाळावाच. मोठ्यांसाठी झायलोमेटाझोलिन 0.1 टक्के असते, मुलांसाठी 0.05 टक्के, मोठ्यांची बाटली मुलाला कमी वेळा मारणे हा हिशेब चालत नाही. सहा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. लहान मुलाने बाटली तोंडाला लावली तर प्रकरण गंभीर होते: 1 ते 2 मिली, म्हणजे 10 मिलीच्या बाटलीचा फार तर पाचवा भाग, पोटात गेल्याने मुलांना गुंगी येऊन, नाडी मंदावून इस्पितळात न्यावे लागल्याच्या नोंदी आहेत. बाटली हाताला न लागेल अशा जागी ठेवावी आणि असे घडल्यास वाट न पाहता दवाखाना गाठावा.

तान्ही बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, म्हणून नाक चोंदले की दूध ओढता येत नाही. दूध पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालणे हा त्यांच्यासाठी साधा उपाय. न्हाऊ घालताना नाकात तेल सोडण्याची जुनी चाल मात्र सोडावी. ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

दुकानातल्या फळीवर शेजारीच फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांचे स्टेरॉइड स्प्रे असतात. ॲलर्जीच्या सर्दीवर ते रोज, आठवडेच्या आठवडे घ्यायचे असतात आणि पूर्ण असर दिसायला काही दिवस जातात. लोक नेमके उलटे करतात: हा ‘लागू पडला नाही’ म्हणून दोन दिवसांत टाकून देतात आणि झायलोमेटाझोलिन वर्षभर चालवतात.